मधला थर

॥ श्री जाकादेवी प्रसन्न ॥

पावस, २१ एप्रिल

प्रिय इफ्फत हिला विमलचा नमस्कार.

तुझा गळा अजून बसलेलाच आहे असं अलफियाने फोनवर सांगितलं. आल्याचा रस मधातून घे आणि बोलू नकोस. बोलू नको म्हटलं तर ऐकणारी तू नव्हेस, म्हणून मीच फोन ठेवला आणि पत्राला बसले. शाळेत एका बाकावर बसून चिठ्ठ्या लिहायचो. आता एक पावसला, एक लेकीकडे दापोलीला, एवढाच फरक.

या वर्षीची पहिली साठं घातली. दुकानदार आंबापोळी म्हणतात, आपण साठंच म्हणणार. तळाला रायवळाचा पातळ रस, त्यावर हापूसचे तीन थर, साखर नाही. एक थर खडखडीत वाळल्याशिवाय दुसरा घालायचा नाही. दोन पोळ्या सोबत पाठवते आहे. आपल्या गावचा सखाराम दापोलीच्या गाडीवर कंडक्टर आहे, त्याच्या हाती डबा दिला आहे.

आता मुख्य गोष्ट. ठाण्याला निलेश म्हणून एकजण कोकणी मालाचं दुकान चालवतो. आपल्या रितेशची आणि त्याची ओळख झाली. त्याने दोनशे पाकिटं मागितली आहेत, दहा जूनच्या आत. आणि पाकिटावर माझं नाव आहे इफ्फत. ‘विमलताईंची आंबापोळी’. वर माझा फोटो. शमिकाने तुळशीपुढे उभं करून काढला. सुनेला म्हटलं, अगो मृतांचे छापतात तसा नको हो, जरा हसरा काढ.

लेबल छापून आलं तेव्हा मी ते देवापुढे ठेवलं. हे झोपाळ्यावर होते. म्हणाले, “ताटात रस ओतायचा आणि उन्हात ठेवायचा. वाळवतं ऊन. फोटो लावायचा तर सूर्याचा लावा.” सगळी हसली. मीही हसले. तसं खोटं काय आहे त्यात. पस्तीस वर्षं घालते आहे, पण हे काही शिक्षण नव्हे की नोकरी नव्हे. दहावीचं सर्टिफिकेट ट्रंकेत आहे, त्याच्यावर निदान शिक्का आहे. साठांवर कसला शिक्का?

म्हणून नेहमीप्रमाणे तू खा आणि शंभरपैकी मार्क कळव. तू पास केलंस की मगच मी बाहेर देते, हे तुला ठाऊक आहे. घरात कोणाला विचारू? यांना साखरेचा आजार. रितेश मोबाइल बघत खातो, त्याला पोळी दिली काय नि पुठ्ठा दिला काय. शमिका सगळ्यालाच मस्त म्हणते. आणि करणारीला आपल्या हातचं कळत नाही.

तुझी
विमल


दापोली, २७ एप्रिल

विमल, सलाम.

सखाराम डबा घेऊन थेट घरी आला. म्हणाला, “काकी, चिपळूणपासून गाडीत वास सुटला होता. दोन पॅशिंजर विचारत होते, कुठल्या सीटखाली आंबा आहे.” त्याला चहा दिला.

मार्क चौऱ्याण्णव. सहा कापले ते तुला गर्व होऊ नये म्हणून. काय पातळ घातली आहेस गो. उजेडात धरली तर पलीकडचं बोट दिसतं. रंग तर असा की केशराची गरज नाही. गुंडाळी केली तर कुठे चीर नाही. तुझ्या सासूबाई असत्या तर त्यांनीही नाक मुरडलं नसतं, आणि त्या देवाच्या मूर्तीपुढेही मुरडायच्या.

काशीरामभावोजींना माझा एक निरोप सांग. सूर्य सगळ्या पंचक्रोशीवर उगवतो. मग बाकीच्यांच्या ताटात अशी साठं का होत नाहीत, तेवढं त्यांनी सूर्याला विचारून ठेवावं.

माझ्या रेहानचा दोह्याहून फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न हाच, विमलखालांची पोळी आली का. त्याच्यासाठी एक ठेवली आहे. तू लेबल पाठव, मी भिंतीला लावते.

गळ्याचं काळजीचं काही नाही. फोन मात्र नको, पत्रच बरं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, र उगाच लांब ओढतेस.

इफ्फत


पावस, १४ मे

प्रिय इफ्फत,

पत्र मिळालं. यांना तुझा निरोप वाचून दाखवला. म्हणाले, “तिला वकील करायला पाहिजे होती.” तेवढंही पुष्कळ.

पण मी अडचणीत आहे. गेले सहा दिवस आभाळ आहे. ऊन येतं ते ताटाला शिवून परत जातं. खळ्यात चाळीस ताटं मांडली आहेत, टेबलांच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या आहेत मुंग्यांसाठी, वरून जुनी मलमल. कावळे हाकायला दिवसभर मीच. एरवी मी अशा आभाळात थर घालत नाही, दोन दिवस थांबते. पण रितेश म्हणतो, “आई, लोक तारखेवर माल मागतात, उन्हावर नाही.” त्याचंही खरं आहे. मुंबईची नोकरी गेल्यापासून तीन वर्षांत त्याचं हे पहिलंच काम आहे ज्यात तो पहाटे आपणहून उठतो.

म्हणून परवा दुपारी मी शेवटचा थर घातला. त्याच्या खालचा पुरता वाळला नव्हता.

आता वरून कोरडी दिसते, उलटली तर खालूनही कोरडी. पण तुला माहीत आहे, मी बोटाची मागची बाजू टेकवून बघते. चांगलं साठ बोट मुकाट सोडतं. हे सोडतं, पण सोडताना जरा धरतं. माझं बोट म्हणतं मधला थर ओला आहे. पण बोटाचं काय घेऊन बसायचं, माणूस दमलं की त्याला सगळंच ओलं वाटतं.

यातल्या दोन पाठवते. इफ्फत, मनापासून खा आणि खरं सांग. आंबूस लागली, जिभेला जरा तरी चुरचुरली, तर तसं लिही. मी चाळीसही ताटं खरवडून टाकीन आणि रितेशला सांगेन की आधीची साठच पाकिटं होतील. तो रागावेल, रागावू दे. तुझ्या एका शब्दावर आहे सगळं.

विमल


दापोली, २० मे

विमल,

खाल्ली. पास आहे. उगाच शंका काढू नकोस. तुझी पोळी आजवर कधी बिघडली आहे? पहिल्या डब्यापेक्षा मऊ आहे उलट, म्हाताऱ्यांना बरी पडेल. तू नेहमीच अशी. दहावीला गणिताचा पेपर देऊन आलीस आणि रडत बसलीस, आणि मार्क माझ्यापेक्षा अकरा जास्त.

दे पाठवून. नाव छापलं आहे तर ताठ मानेने दे.

इफ्फत


पावस, २ जून

प्रिय इफ्फत,

आज माल गेला. दोनशे पाकिटं, सहा खोके. टेम्पोवाल्याने एक पाकीट हातात घेतलं, फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “काकी तुम्हीच की ह्या.” मी म्हटलं हो. एवढंच म्हटलं, पण घरात आल्यावर लक्षात आलं की मी पदर नीट केला होता.

तुझं पत्र आल्यावर मी बोट लावून बघणंच सोडून दिलं. तू पास म्हणालीस, संपलं.

देवीला नारळ दिला. तुझ्या गळ्यासाठीही एक दिला आहे.

विमल


पावस, १९ जुलै

इफ्फत,

दीड महिना तुला लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं.

माल परत आला. सगळा नाही, एकशे बत्तीस पाकिटं. बाकीची विकली होती, त्यांचे पैसे निलेशने लोकांना परत दिले. पोळी तोडली की आत तार सुटते आणि आंबलेल्या भाताचा वास येतो. कडेला हिरवी बुरशी. एका बाईने त्याचा फोटो काढून मोबाइलवर टाकला. शमिकाने मला दाखवायचा नाही असं ठरवलं होतं, पण शेजारच्या मालनने आणून दाखवला. बुरशी आणि तिच्या शेजारी माझं तोंड. हसरं.

निलेश फोनवर रितेशला म्हणाला, “तुमच्या आईला एवढं झेपत नव्हतं तर सांगायचं.” फोन मोठ्या आवाजावर होता. रितेश माझ्याकडे न बघता बाहेर गेला. बोलला असता तर बरं झालं असतं. यांनी मात्र या वेळी सूर्याचं काही काढलं नाही. नुसतं म्हणाले, “जाऊ दे, वयात होतं असं.” ते जास्त लागलं.

उरलेली लेबलं रितेशने न्हाणीच्या चुलीत घातली. पुढच्या वर्षापासून यंत्रात वाळवलेली पोळी बाहेरून आणायची आणि दुसऱ्या कसल्याशा नावाने विकायची, असं त्याचं चाललं आहे. माझं नाव नको. मीही हो म्हटलं. कुठल्या तोंडाने नको म्हणू? मी आता पोळ्यांचा विषय निघाला की उठून मागच्या दारी जाते.

तुला एकच विचारायचं आहे. वाढवून लिहू नकोस, हो किंवा नाही एवढंच लिही. मेमधला डबा आला तेव्हा तू ती पोळी खाल्ली होतीस का?

विमल


पावस, २८ ऑगस्ट

इफ्फत,

उत्तर नाही. अलफियाचा फोन बंद लागतो. तू रागावली आहेस की तोंड चुकवते आहेस, मला कळत नाही. उत्तर न देणं हेही उत्तरच आहे, असं मी धरून चालले आहे.

गणपतीच्या नैवेद्याला दर वर्षी वाडीतल्या आठ घरांत माझं साठ जातं. या वर्षी कोणी मागायला आलं नाही. आपणहून न्यायची मला हिंमत झाली नाही.

चाळीस वर्षांच्या मैत्रिणीला खरं बोलायला सांगितलं होतं. जड काम नव्हतं.

विमल


दापोली, ९ सप्टेंबर

विमल,

तुझी दोन्ही पत्रं काल एकदम वाचली. आम्ही दीड महिना मुंबईला होतो, आणि अलफियाने फोन मुद्दाम बंद ठेवला होता. आता सगळं लिहिते. मध्ये थांबवू नकोस.

तू विचारलंस, खाल्ली होतीस का. हो, खाल्ली होती. दोन्ही वेळा. पण मला काही लागलं नाही. मला दोन वर्षं कशाचीच चव लागत नाही.

गळा बसला नव्हता विमल. गाठ होती. गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात निघाली. मुंबईच्या इस्पितळात तेहतीस वेळा किरणांचे शेक दिले. गाठ विरघळली, तिच्याबरोबर आवाज गेला आणि जिभेची चव गेली. आवाज थोडाफार परत आला, चव आली नाही. मीठ घातलं की नाही तेही कळत नाही. आमटी चाखायची तर अलफियाला हाक मारायची. पुढे पुढे ती इतकी रडवेली व्हायची की एक दिवस मी तिला सांगितलं, आली बरं का चव, आज डाळ मस्त झाली आहे. ती इतकी हसली. आता परत कशी सांगू की नाही आली?

तुझा डबा आला तेव्हा म्हणूनच अलफियाला पोळी दिली नाही. तिने विचारलं असतं, अम्मी, तूच सांग ना कशी आहे. मी उजेडात धरून बघितली, बोटाने दाबून बघितली, गुंडाळून बघितली. जे डोळ्याला दिसलं ते लिहिलं. पहिल्या वेळेला ते पुरलं. दुसऱ्या वेळेला तू जीव तोडून विचारत होतीस आणि मी मऊ आहे म्हणून पास केली. ती ओली होती म्हणून मऊ होती. एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही, की येऊ दिलं नाही, ते अल्लाला ठाऊक.

तुला का सांगितलं नाही? तू धावत आली असतीस, रडली असतीस, नवस बोलली असतीस. आणि दुसरं म्हणजे डबा आला की मला वाटायचं, जगात एक बाई आहे जी माझ्या जिभेवर विश्वास ठेवून बसली आहे. मला परत फक्त आजारी बाई व्हायचं नव्हतं.

मुंबईला तपासणी होती. पुन्हा काहीतरी दिसतं आहे म्हणतात. डिसेंबरपर्यंत थांबून बघणार आहेत.

तुझं नाव मी घालवलं. माफी मागायला तोंड नाही, हे खोटं वाटेल, पण खरंच नाही.

इफ्फत


पावस, २० सप्टेंबर

प्रिय इफ्फत,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा उभ्याने, मग देवघरात बसून, मग मागच्या दारी. तुला काय काय बोलले मी. ते सगळं परत घेता आलं असतं तर चालत दापोलीला आले असते.

आता माझं ऐक. तू कबूल केलंस तर मलाही केलं पाहिजे. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही, आणि सांगू नये असं म्हणतात. पण तू तुझं झाकलेलं उघडलंस, मग मी कशाला झाकू.

मी तीन वर्षं आंबा खाल्लेला नाही.

रितेश नोकरी जाऊन परत आला, माळ्यावर तोंड वर करून पडून राहायचा, तेव्हा मी देवीला बोलले, पोराचा धंदा लागेपर्यंत आंबा तोंडात घालणार नाही. कापलेला नाही, रस नाही, लोणचं नाही. पोळीचा तर चुराही नाही. चाळीस ताटं घातली, एकाचाही कोपरा मी मोडून बघितला नाही. ताटं पुसलेलं फडकंही तोंडापासून लांब धरायची. म्हणून तर तुझ्यापाशी मार्क मागायची. करणारीला आपल्या हातचं कळत नाही, हे तुला लिहिलं ते खोटं होतं. मला कळायचं. पूर्वी नखभर तुकडा तोंडात टाकला की कुठल्या झाडाचा रायवळ तेही सांगायची.

आणि एक सांगू? तीन हंगाम गेले, घरात पाट्या भरून आंबे आले. रोज रात्री रस वाढते. एकानेही विचारलं नाही की आई, तू का घेत नाहीस.

तू माफी मागू नकोस. तुझ्या जिभेला चव नव्हती, माझ्या जिभेला बंदी होती. मग चूक कोणाची म्हणायची?

तुझ्या डिसेंबरसाठी मी कसलाही नवस बोललेली नाही, काळजी नको. नुसती प्रार्थना करते.

विमल


दापोली, ३ ऑक्टोबर

विमल,

तुझं पत्र वाचून मी हसले. इतक्या दिवसांनी आवाज न करता पोट धरून हसले. अलफिया धावत आली, तिला वाटलं दुखतंय.

दोन बाया. एकीला लागत नाही, दुसरी लावून घेत नाही. आणि दोघींनी मिळून दोनशे पाकिटं पास केली. आणि पोराच्या धंद्यासाठी तू सोडलास आंबा, आणि पोराने धंदा काढला तो आंब्याचाच. तुझ्या देवीला चेष्टा आवडते असं दिसतं.

अलफियाला सगळं सांगितलं. ती रडली, मग चिडली, मग म्हणाली, आता मीठ मी बघेन. इतकं सोपं होतं.

नवस मोड असं मी सांगणार नाही. देवी तुझी, शब्द तू दिलेला. मीही रोजे सोडत नाही, डॉक्टरने सांगून सोडावे लागले तेव्हा चोरासारखं वाटलं होतं. पण तू चूक कोणाची विचारलीस, म्हणून कडू लिहिते, राग मानू नकोस. माझी चूक मी लिहिली, ती माझीच. तुझी चूक जिभेची नव्हे. तुझं चौदा मेचं पत्र माझ्यापुढे आहे. त्यात तू लिहिलं आहेस, माझं बोट म्हणतं मधला थर ओला आहे. तुला चाखायची गरज नव्हती गो. तुला कळलं होतं. पस्तीस वर्षांचं बोट एकीकडे आणि दीडशे किलोमीटरवरच्या बाईचं पत्र दुसरीकडे, तू पत्राचं ऐकलंस. का? काशीरामभावोजी हसले म्हणून? शिक्का नाही म्हणून?

यंत्राची पोळी विकायची तर रितेशने खुशाल विकावी. पण तू उठून मागच्या दारी जाऊ नकोस. तिथे बसून ऐक.

इफ्फत


पावस, १८ एप्रिल

प्रिय इफ्फत,

डिसेंबरमध्ये तुझे रिपोर्ट जैसे थे आले ते अलफियाने कळवलं. जैसे थे म्हणजे बरं की वाईट, मी पुष्कळ विचार केला. जूनच्या तपासणीला मी बरोबर येते आहे. नाही म्हणू नकोस, सखारामला तिकिटाचं सांगितलं आहे.

तुझं ऑक्टोबरचं पत्र मला लागलं. पाच महिने मी त्याला उत्तर दिलं नाही, नुसती खुशाली लिहीत राहिले. मग मार्चमध्ये निलेशला पत्र लिहिलं. त्याची नक्कल तुला लिहिते. ‘निलेशभाऊ, ऊन कमी पडलं असं रितेशने तुम्हाला सांगितलं असेल. ऊन कमी पडलं हे खरं. पण ओल्यावर वरचा थर घातला तो मी, आणि मला ते त्याच वेळी कळलं होतं. यंदा चाळीस पाकिटं होतील. तारीख सांगणार नाही, वाळतील तेव्हा देईन. पाकिटावर नाव माझंच राहील. घ्यायची नसली तर तसं कळवा.’

रितेशने वाचलं आणि डोक्याला हात लावला. “आई, असं कोण लिहितं? आपणच चूक कबूल केली तर पुढे कोण उभं करेल?”

म्हटलं, “पोळी माझी होती तर चूक दुसऱ्याची कशी?”

“तो घेणार नाही.”

“नाही घेतली तर आपल्या वाडीत खातील.”

हे झोपाळ्यावर होते. पाय टेकून झोका थांबवला. निलेशचं उत्तर अजून आलेलं नाही. येईल असं मला वाटत नाही.

पहिलं साठ वाळलं तसं सोमवारी ते घेऊन देवळात गेले. धोंडू गुरव कौलाच्या पाकळ्या भिजवून बसला होता. “कौल लावायचा हाय ना गो बाय?”

म्हटलं, “नाही धोंडूभाऊ. आज विचारायला नाही आले. सांगायला आले.”

“मगे माझं काय काम?”

“काही नाही. बाहेर बसून बिडी ओढा.”

तो पुटपुटत गेला. मी देवीला सांगितलं, मी शब्द दिला होता तो मागे घेते आहे. हातचं न चाखता लोकांना देणं, हे माझ्याच्याने पुन्हा होणार नाही. दंड असेल तो मला कर, पोराला नको. एवढं बोलून नैवेद्य दाखवला, आणि तिथेच गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसून तुकडा मोडला. भीती गेली असं मी लिहिणार नाही. त्या दिवशी रितेश मोटारसायकलवरून येईपर्यंत माझा जीव दाराशीच होता. अजूनही तो उशिरा आला की मला तोच तुकडा आठवतो.

आता कशी लागली ते सांगते, नीट वाच. आधी काहीच लागत नाही, नुसतं गुळगुळीत. मग जिभेच्या कडांना रायवळ येतो, विहिरीवरच्या झाडाचा आहे, त्याला किंचित धुरासारखा वास असतो. आंबट, पण दात आंबत नाहीत. तेवढ्यात हापूस येऊन त्याला झाकतो, दाट, जड. चावत गेलं की दोन्ही एकमेकांत जातात. गिळल्यावर घशाशी सालीजवळचा बारीकसा तुरटपणा राहतो, आणि तो बराच वेळ जात नाही. मला ते ठाऊक होतं, चार वर्षांत विसरले होते.

दुसऱ्या खेपेची सहा ताटं मी टाकून दिली. बोट धरत होतं. शमिका म्हणाली, वरून तर छान दिसतात. म्हटलं, दिसू देत.

डबा सखारामकडे दिला आहे, त्यात दोन आहेत. अलफियाला द्यायच्या की रेहानसाठी ठेवायच्या, ते तुझं तू बघ. कशी झाली ते कळवू नकोस. चांगली झाली आहे.

तुझी
विमल